करुणाचं खोटं

शिक्रापूरच्या हमरस्त्यावरच्या बेकरीत त्या सकाळी नेहमीसारखी पाव भरायची घाई चालली होती. नोकरी मागायला आलेल्या वरवंडच्या सम्राट गायकवाडनं भट्टीतून खारीचा ट्रे काढला आणि मालक बापूसाहेबांचा चेहरा खुलला. पोरगा जन्माचा बहिरा, पण दौंडच्या महबूबभाईंच्या बेकरीत हात चांगला बसलेला.

बापूसाहेबांना बहिऱ्या नोकराचं भारी कौतुक. न ऐकणारा उलट बोलत नाही, पगार वाढवा म्हणत नाही! "उद्यापास्नं ये म्हणावं," ते करुणाला म्हणाले. सम्राटच्या खुणा घरच्यांनाच कळायच्या, म्हणून नोकरी मागायला जाताना ही थोरली बहीण सोबत असायची.

"पर गायकवाड म्हंजी कुणातले गं?"

"बौद्ध हाय आम्ही, साहेब."

खुललेला चेहरा आंबला. जात ऐकून ज्यांच्या तोंडची चव जाते, अशांना आपण गावात मानानं 'साहेब' म्हणतो!

"मग भट्टीवर न्हाई जमायचं. खायाचा जिन्नस हाय, उद्या गिऱ्हाईक तुटलं म्हंजी? संडास-गटारं धुयाला ठिवतो. त्याला काय कळतंय? तू सांग कायतरी समजावून."

समजावण्यात करुणाचा हातखंडा होता. शिरूरच्या हॉटेलात हेच घडलं, तेव्हा तिनं खुणेनं सांगितलं होतं, 'त्यांना ऐकू येणारा माणूस हवाय.' दौंडच्या खाणावळीतही तेच. भावाला जातीचा घाव नको, एवढीच तिची माया. तेव्हापासून सम्राट आरशासमोर घसा ताणून बोलायला शिकत होता. ते बघून तिचं काळीज तुटायचं, तरी खरं तिच्यानं सांगवलं नव्हतं.

आताही तो हसऱ्या तोंडानं तिच्या हातांकडं बघत होता. आज तिनं काहीच गिळलं नाही. बापूसाहेब काय म्हणाले, कशासाठी म्हणाले, सगळं सांगितलं. शिरूरचं आणि दौंडचंही.

सम्राटनं ॲप्रन काढून टेबलावर आपटला. त्याचे हात रागानं चालू लागले, आधी बहिणीवर, मग मालकावर.

"काय म्हणतोय त्यो?" बापूसाहेबांनी करुणाला विचारलं.

"म्हणतोय, इतकी वर्सं मी माझ्या कानांला शिव्या घातल्या. त्यांची कायबी चूक नव्हती." करुणाचा आवाज चढला. "आन् तुम्ही आत्ता जे बोललात, ते सांगाया आम्ही चौकीत चाललोय. ह्यातलं कोण येतंय साक्षीला?"

बेकरीतल्या सगळ्या कामगारांचे कान शाबूत होते. एकूण एकानं ते बोलणं ऐकलं होतं. माना खाली घालून ते पाव भरत राहिले, आणि बहीणभाऊ दोघंच चौकीच्या वाटेला लागली.