दोन्ही गालांवरचं ऊन

वैदेही बोलायला लागली की तिचे हात हवेत चौकटी आखू लागायचे. दोन अंगठे, दोन तर्जन्या, आणि त्यांच्यामधल्या इवल्या खिडकीतून माझ्याकडे पाहणारा एकच उघडा डोळा. पौषातल्या उन्हाची तिरीप त्या बोटांवरून घरंगळत तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायची, आणि तो डोळा असा लकाकायचा की समोरच्याला आपण फार सुंदर आहोत असं उगाच वाटून जावं.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते उकरलेले, नव्या पाट्यांचा रंग ओला, आणि साऱ्या गावाच्या अंगात लग्नघरासारखी लगबग. तीच लगबग वैदेहीच्या चालण्यात होती. नागपूरच्या मामानं तिला छोटा डिजिटल कॅमेरा दिला होता, आणि गुढियारीतला आमचा जुना फोटो स्टुडिओ यजमानांच्या माघारी मी एकटीच सांभाळत होते. त्यामुळे शेजारच्या घरातून धावत येऊन तिनं आपलं पहिलं धन माझ्याच संगणकावर ओतावं, हे ओघानंच आलं. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. कॉलेजात गेल्यापासून तिच्या जिभेवर हिंदीच चढली होती.

तिची थोरली बहीण तान्हं बाळ घेऊन बिलासपूरहून माहेरी आली होती. त्या निमित्तानं रविवारी जेवणं आटोपल्यावर वैदेहीनं आई, बाबा, ताई आणि बाळ अशी सगळ्यांची वरात तेलीबांध्याच्या तळ्याकाठी नेली होती.

फोटो पाहताना मी आधी जमलेलंच सांगितलं. आई बाळाची टोपी सारखी करते आहे आणि ताई बाळाला विसरून आईकडे पाहते आहे, असा एक क्षण तिनं अचूक वेचला होता. फोटोसाठी सावरून बसण्याआधीची ती माणसं झऱ्यासारखी निर्मळ होती. मग उरलेलं. भर दुपारचं ऊन डोक्यावरून कोसळत होतं, त्यानं डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या उरल्या होत्या. आईच्या अंबाड्यातून विजेचा खांब उगवला होता. सगळे रेशनच्या रांगेत उभे असावेत तसे ताठ. आणि वैदेही इतकी लांब उभी की तळं आणि आभाळच घरचे वाटावेत, माणसं पाहुणी. ऊन कलतं होईपर्यंत थांब, झाडाच्या सावलीत बसव, कोणी खाली कोणी वर असू दे, खांब दिसला तर स्वतः थोडी सरक, आणि जवळ जा, न भिता जवळ जा, असं मी सांगत गेले. क्षणभर तिचा चेहरा उतरला. पण लगेच बोटांची चौकट पुन्हा हवेत चढली.

एक चूक मात्र मला उलगडेना. प्रत्येक फोटोत तिचे बाबा कडेला, तोंड फिरवून, अर्धे बाहेर. यांना मध्ये का नाही घेतलंस, मी विचारलं.

"बाबा ख़ुद ही ऐसे खड़े होते हैं, काकू," ती हळूच म्हणाली.

ते सिलतऱ्याला पोलादाच्या कारखान्यात होते. काही वर्षांपूर्वी वितळल्या लोखंडाचा शिंतोडा उडून त्यांचा डावा गाल भाजला होता, आणि तेव्हापासून कॅमेरा दिसला की ते वळायचे. ताईच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा वधूपिता म्हणून फक्त एक पाठ होती. मी वैदेहीला एवढंच म्हणाले की दुपारचं ऊन कातडीवरची रेघ न् रेघ कोरून काढतं, कलतं ऊन तिच्यावरून हात फिरवतं. पण बाबांनी कुठं बसायचं हे ऊनही ठरवणार नाही आणि आपणही नाही. त्यांनाच विचार.

ताई परत जायच्या आदल्या दिवशी ती मलाही ओढून तळ्यावर घेऊन गेली. उन्हं उतरली होती. दूरच्या कारखान्यांच्या धुरातून गाळून आलेला तांबूस उजेड पाण्यावर सांडला होता, बगळे घराकडे निघाले होते. वैदेहीनं आईला गवतावर बसवलं, ताईला तिच्या खांद्याशी टेकवलं, स्वतः चार वेळा जागा बदलली. बाबा कडेला बसले आणि सवयीनं उजवा गाल पुढे केला.

तिनं कॅमेरा खाली घेतला. त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली, आणि जी मुलगी एरवी हिंदीत बोलायची ती घरच्या बोलीत म्हणाली, "बाबा, मले तुमचा पूर्ण चेहरा पाहिजे."

"काहून? त्याचं काय करशीन?"

"रोज घरी पाहतो ना आपण, तोच पाहिजे. तुमचं मन नसन तर नाही काढत मी."

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग बाबा उठले, आईला जरा सरकायला सांगून मधोमध बसले, ताईकडून बाळ मांडीवर घेतलं आणि लेकीकडे सरळ पाहिलं. ऊन त्यांच्या दोन्ही गालांवर सारखंच आलं.

खटका दाबून ती माझ्याकडे धावत आली आणि तिनं कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरला. मी सांगायचं ते सांगितलंच: पाणी एका बाजूला कललंय, ताईच्या पायाची बोटं कापली गेलीत, पण डोळे जिवंत आहेत, चौघांचेही. "हव काकू, हव," म्हणत ती हसत सुटली आणि पुन्हा काढायला पळाली. तिकडून बाबा विचारत होते, "आता कसा बसू?"

त्यांच्या बैठकीत नंतर तोच कललेल्या पाण्याचा फोटो लागला. पुढचे सगळे नेटके होते, पण आईला पहिलाच हवा होता. एक प्रत ताईबरोबर बिलासपूरला गेली. वैदेही आता पुण्यात असते, बागांतून, टेकड्यांवरून लोकांच्या कुटुंबांची चित्रं टिपते, आणि अधूनमधून मला पाठवून विचारते, काय चुकलं ते सांगा.

मी मात्र शेजारी गेले की त्या एकाच फोटोपुढे रेंगाळते. घरातलं एकच माणूस त्यात नाही, आणि बाकीची सारी त्याच माणसाकडे पाहताहेत. वर्षं पाण्यासारखी एका बाजूला कलून वाहून गेली. ज्या रिकाम्या जागेवर त्या चौघांची नजर खिळली आहे, तिथं एक मुलगी एक डोळा मिटून अजून उभी आहे, आणि काळाला तिच्या पुढून जायचं असेल तर त्यालाही क्षणभर थांबावंच लागत असेल.