केकच्या खोलीतली भट्टी

मी बोलतोय ते आता, बंद पडून राहिल्यावर. चालू असताना मी कुणालाच बोलू देत नाही, एवढा माझा आवाज.

मी आभासी चलन मिळवायचं यंत्र. बुटाच्या खोक्याहून जरा मोठा, पण उचलायला दगड. काम एकच, रात्रंदिवस आकडे जुळवून न दिसणारी नाणी कमवायची. दुसरं काही येत नाही. एकच काम येणाऱ्याला लोक अडाणी म्हणतात. म्हणोत. ते काम माझ्याइतकं झपाट्याने करून दाखवा म्हणावं.

पुढून हवा ओढतो, मागून झळ सोडतो. जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो. हे मी लपवलेलं नाही. खोक्यावर छापलेलं आहे. वाचतो कोण?

मला घेणारा दुकानात आला आणि त्याने फक्त वेग विचारला. शेजारी दुसरं यंत्र होतं, जरा सावकाश, पण कमी तापणारं. त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"गरम हवा बाहेर काढायची सोय आहे ना?" दुकानदाराने विचारलं.

"एसीची खोली आहे," हा ऐटीत म्हणाला.

तेवढ्याने भागणार नाही, हे दुकानदाराला कळलं. तरी त्याने बिल फाडलं. गिऱ्हाईकाला शहाणं करून कुणाचं दुकान चाललंय?

एसीची ती खोली त्याच्या बायकोची. ती केक करायची. याची नोकरी सुटलेली, घर त्या केकवर चाललेलं. आणि मला मांडलं कुठे? तिच्या क्रीमच्या भांड्यांशेजारी.

"अहो, हे इथे?"

"इथेच गार राहील."

"आणि माझं क्रीम?"

"अगं, एसी आहे ना!"

एसी आहे ना! जणू एसी म्हणजे न आटणारी विहीर. होता एवढासा, त्याचा सगळा गारवा मी एकटा गिळायचो. तो भिंतीवर धापा टाकायचा, मी खाली शीळ घालायचो. घरात सगळे ओरडून बोलू लागले आणि वर एकमेकांना विचारू लागले, ओरडतोस कशाला?

त्याची आई रोज दारात येऊन उभी राहायची. "नाणी काढतो म्हणे हा. कुठे पडतात? खाली बादली लावू का?"

"आई, भाव वाढला की कळेल तुला."

"भाव वाढेल तेव्हा वाढेल. आत्ता उकाडा वाढलाय."

मग एका हॉटेलकडून लग्नाच्या केकची ऑर्डर आली. तीन मजली. पसंत पडला तर दर आठवड्याचं काम तिलाच मिळणार होतं. केकच्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, "आज हे बंद. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई."

केक सजवून ती त्याची खोकी आणायला बाहेर पडली आणि याच्या हाताला खाज सुटली. घटकाभराने काय बिघडतंय, म्हणाला आणि बटण दाबलं. मी माझं काम सुरू केलं. मला कुणी बजावलं नव्हतं.

ती परतली तेव्हा वरचा मजला कलला होता आणि क्रीमची फुलं ओघळून ताटात जमली होती. ती तडक आत आली, माझी वायर उपटली.

"अगं, असं मध्येच बंद करायचं नसतं!"

"मग मला बंद करा," ती म्हणाली. "घर यावर चालवा."

त्याने तोंड उघडलं तोच दारातून आई म्हणाली, "उचल ते धूड. आणि बर्फ घेऊन ये."

त्याने मला उचललं. अजून तापलेलाच होतो, हात भाजले त्याचे. भाजू देत.

तिने सगळं क्रीम खरवडून काढलं आणि नव्याने फेटलं. तो बर्फाच्या परातीत भांडं धरून उभा राहिला. केक वेळेवर गेला. हॉटेलचं काम तिलाच मिळालं. आता केक पोचवायला तोच जातो. कुणाच्या उपयोगी पडण्याची त्याची पहिलीच वेळ असावी.

मी जिन्याखाली धूळ खातोय. मला लाज कसली? जसा घडवला तसा वागलो. तुम्हाला मी हवा असेन तर खुशाल न्या. पण भट्टी पेटवण्याआधी धुराडं बांधतात. एवढी अक्कल असेल तरच माझ्या वाटेला या.