कंबर झाकणारा कोट

मी एक कोट बोलतोय. तपकिरी, जाड कॉर्डुरॉयचा, कोपरांवर चामड्याची ठिगळं असलेला. ही ठिगळं जन्मापासूनची आहेत, शोभेची आहेत. आधीच सांगून टाकतो, कारण लोक ती बघून हळहळतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

माझा पहिला मालक तंबाखूच्या लिलावात बोली पुकारायचा. त्याला इतका घाम यायचा की माझा बहुतेक जन्म खुर्चीच्या पाठीवर गेला. पुढे लिलाव बंद पडले, मग तोही गेला, आणि त्याच्या मुलीने मला चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकलं. तिथे अर्लीन व्हाइन्सने मला उचललं, बाही उलटी करून शिवण ओढून पाहिली आणि नवऱ्याच्या पाठीला लावलं.

"हा घे, थर्मन. तुला एक माप मोठा आहे."

"एक? यात मी तंबूत बसल्यासारखा दिसेन."

"दिस की. कमरेवरचं दिसण्यापेक्षा तंबू बरा."

कमरेवरचं म्हणजे काय, ते मला घरी गेल्यावर कळलं. थर्मनच्या उजव्या कमरेला, पट्ट्यावरच्या चामडी म्यानात, लवकरच एक काळं पिस्तूल येणार होतं. ते झाकणं, एवढ्यासाठी माझी नेमणूक झाली होती.

थर्मनसारखा माणूस पिस्तूल बाळगेल असं कोणाला वाटलं नसतं. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली. आता निवृत्त होऊन चर्चमध्ये डीकन होता, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखाली पडेल ते काम करणारा. दुसऱ्या कुठल्याशा राज्यात प्रार्थना चालू असताना एक माणूस आत शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. ते ऐकल्यापासून आमच्या पाद्रीबाबांची झोप उडाली. त्यांनी दोघातिघांना पिस्तुलाचा परवाना काढून मागच्या बाकावर बसायला सांगितलं.

"मी कशाला?" थर्मन म्हणाला. "मी फटाक्याला दचकतो."

"म्हणूनच तू," पाद्रीबाबा म्हणाले. "ज्याला हौस आहे, त्याला मी हे सांगणार नाही."

मग तो परवान्यासाठीच्या शिकवणीला गेला. शिकवणारे ग्रेडी नावाचे एक निवृत्त पोलीस होते. पाकीट कायम डाव्या खिशात, म्हणजे कागद काढताना हात उजवीकडे जायला नको. पोलीस आला की हात त्याला दिसतील असे ठेवायचे. त्याने विचारायच्या आधी आपणच सांगायचं, आणि सांगताना परवाना आधी, पिस्तूल नंतर. सगळ्या वर्गाला त्यांनी हे घोटून घोटून पाठ करायला लावलं. घरी येताना थर्मन गाडीत स्वतःशीच हसला. वर्गातले बाकी सगळे गोरे होते, हा एकटा काळा, शिवाय उंच आणि खांद्याने रुंद. "धडा सगळ्यांना एकच," तो मला की स्वतःला म्हणाला कोण जाणे, "परीक्षा मात्र वेगवेगळी."

अर्लीनने माझ्या उजव्या काठात गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या शिवल्या. वाऱ्याने मी उडू नये म्हणून. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तो दुकानात खालच्या फळीवरचं पीठ घ्यायला वाकला की माझा जीव वर, वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला की माझा जीव खाली. आणि आमच्या चर्चमधल्या बायका! त्या लांबून नमस्कार करत नाहीत, थेट कमरेला मिठी मारतात. थर्मन बिचारा डावी बाजू पुढे करून मिठी घ्यायला शिकला. त्याची पाठ धरलीय, असं सगळ्यांना वाटायचं.

तो नोव्हेंबरातला रविवार होता. बाहेर थंडगार भुरभुर लागलेली. प्रार्थना संपली, खाली तळघरात जेवण झालं, आणि आजारी असल्याने घरी राहिलेल्या अर्लीनसाठी तळलेली कोंबडी आणि शिजवलेली पालेभाजी ताटात झाकून थर्मन ट्रकमध्ये बसला. गावाबाहेर चार रस्ते मिळतात, तिथे चारही बाजूंना थांबायची पाटी आहे. आमच्या समोरून एक लहान निळी गाडी आली, तिला डावीकडे, म्हणजे आमच्या वाटेतून आडवं वळायचं होतं. दोन्ही गाड्या एकदमच थांबल्या.

आता आमच्याकडे अशा वेळी काय होतं? थर्मनने हात हलवून खूण केली, तुम्ही आधी. समोरच्या मुलीने हात हलवला, नाही, तुम्ही. थर्मनने मान डोलावून पुन्हा खूण केली. तिनेही केली. मग दोघं क्षणभर थांबले, समोरचं माणूस ऐकणार नाही असं दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनी मान ठेवायचा म्हणून एकदमच गाडी काढली.

धक्का फार मोठा नव्हता. तिचा पुढचा दिवा फुटला, आमचा बंपर वाकला, ताट पायाशी सांडलं.

थर्मन खाली उतरला. मुलगीही उतरली. विशीतली, गोरी, नर्सिंग होममधल्या कामाचा अर्ध्या बाह्यांचा पातळ पोशाख घातलेली. थंडीने आणि भीतीने तिचे दात वाजत होते.

"लागलं नाही ना, पोरी?"

"नाही, साहेब. तुम्हाला?"

"मला काय होतंय. नाव काय तुझं?"

"केलसी. मी पोलिसांना फोन लावलाय. अजून नुसता वाजतोय."

"बरं केलंस."

आणि मग त्याने ते केलं. ठरवून नव्हे, हाताच्या सवयीने. बसथांब्यावर कुडकुडणारं पोर दिसलं की तो जे करायचा, तेच. त्याने मला अंगातून काढलं आणि तिच्या खांद्यांवर टाकलं.

अहो, मी ओरडलो. कोटाला जितकं ओरडता येतं तितकं. शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटल्या असतील, दुसरं काय. थर्मन पाठ फिरवून वाकलेला बंपर बघायला गेला, आणि पांढऱ्या शर्टावर ते काळं पिस्तूल सगळ्या जगाला दिसेल असं उघडं पडलं.

माझ्याखालचे खांदे ताठ झाले. फोनवर तेवढ्यात पोलिसांच्या मदतकक्षातल्या बाईंचा आवाज आला होता. केलसी हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे बंदूक आहे."

"हातात आहे का?"

"नाही. कमरेला."

"त्यांच्यापासून लांब जा. गाडीत बसून दारं लावून घ्या. पोलीस निघालेत. फोन ठेवू नका."

ती उलट्या पावलांनी निघाली आणि मी तिच्याबरोबर. मी त्याच्यापासून लांब चाललो होतो. आयुष्यात मला त्याच्या अंगावर असणं इतकं गरजेचं कधी नव्हतं, आणि मी दुसऱ्याच्याच खांद्यावर बसून दूर चाललो होतो.

थर्मनने वळून तिचा चेहरा पाहिला. त्याचा उजवा हात सवयीने मला खाली ओढायला कमरेकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. तिथे मी नव्हतो. तो हात तसाच पुढे गेला असता, तर बघणाऱ्याला काय वाटलं असतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. त्याने अगदी सावकाश दोन्ही हात ट्रकच्या बॉनेटवर ठेवले, बोटं पसरून.

"पोरी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू चुकली नाहीस. त्यांना सांग, माझ्याकडे परवाना आहे. थर्मन व्हाइन्स नाव. सांग की माझे हात बॉनेटवर आहेत आणि ते येईपर्यंत तिथून हलणार नाहीत."

तिने गाडीत बसून दार लावलं. काचेवर पाणी ओघळत होतं, पलीकडे तो शर्टावर भिजत उभा. तिने सांगितलं, पण आवाज इतका कापत होता की पलीकडच्या बाईंना काय कळलं देव जाणे. सायरन ऐकू यायला लागला. मला धीर वाटायला हवा होता. मला त्या आवाजाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"त्या माणसाने काय घातलंय?" फोनवरच्या बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत असतील.

"पांढरा शर्ट. लाल टाय. कोट नाही." केलसी थांबली. तिने खाली माझ्या बाहीकडे पाहिलं, कोपरावरच्या चामड्याला हात लावला. "कोट माझ्या अंगावर आहे."

"काय म्हणालात?"

"त्यांनी मला कोट दिला. मला थंडी वाजत होती म्हणून."

"बाई, गाडीतच बसा."

ती उतरली.

पोलिसांच्या दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. पहिल्या गाडीतला तरुण पोलीस दाराआडून पिस्तूल रोखून म्हणत होता, "हात वर घे." दुसऱ्या गाडीतला म्हणत होता, "हलू नकोस. हात तिथेच." थर्मनला दोघांचंही ऐकायचं होतं, आणि एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं मोडत होतं.

"साहेब, माझ्याकडे परवाना आहे," तो मोठ्याने म्हणाला. "आणि उजव्या कमरेला पिस्तूल आहे. तुम्ही एकाने सांगा, मी तसंच करतो."

"हात वर."

"हलू नकोस म्हणतोय ना मी."

केलसी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ओरडली, "त्यांनी मला कोट दिला! म्हणून ते दिसतंय! तुम्हाला कळत कसं नाही, कोट माझ्याकडे आहे!"

मग दुसऱ्या गाडीतला वयस्कर पोलीस तरुणाला म्हणाला, "एकच बोलू दे आता. मी बोलतो." तो मागून आला, त्याने पिस्तूल काढून घेतलं, डाव्या खिशातलं पाकीट थर्मनला विचारून काढलं, परवाना उलटसुलट पाहिला. जरा वेळाने सगळं परत दिलं.

"चूक कोणाची?" त्याने वही काढत विचारलं.

"माझी," थर्मन म्हणाला.

"नाही, माझी," केलसी म्हणाली. "त्यांनी मला आधी जा म्हटलं होतं."

"तिने मलाही म्हटलं होतं."

पोलिसाने एक लांब श्वास सोडला. "या चौकात दर महिन्याला हेच," तो म्हणाला.

केलसीने मला परत दिलं. तिला वर बघवत नव्हतं. "मी घाबरले हो," ती म्हणाली.

"मीसुद्धा, बाळ." थर्मनने मला चढवायला घेतलं, पण त्याला बाहीच सापडेना. हात दोनदा अस्तरात जाऊन अडकला. शेवटी तिनेच बाही धरली.

घरी त्याने अर्लीनला सांगितलं, थोडा धक्का लागला, बंपर वाकला. तिने मला खुंटीला लावता लावता हुंगलं. "याला परक्या साबणाचा वास येतोय. आणि तुझा शर्ट चिंब भिजलाय. कोणाला दिला होतास?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. ती ऐकून खुर्चीत बसली. बराच वेळ तिने त्याचा हात हातात धरून ठेवला.

"एक तर ते घरी ठेव," ती म्हणाली, "नाहीतर कोट काढत जाऊ नकोस."

"चर्च माझ्या भरवशावर बसलंय, अर्लीन."

"मग काढू नकोस. कोणी गारठून मेलं तरी काढू नकोस. ऐकतोयस?"

तो ऐकतो. त्या दिवसापासून तो माझी सगळी बटणं लावतो. गेल्या महिन्यात चर्चमधल्या मेबल पिट यांच्या नवऱ्याला मूठमाती द्यायला गेलो होतो. माळावर बोचरा वारा होता आणि म्हातारी पातळ काळ्या झग्यात लटलट कापत होती. थर्मन तिच्या शेजारीच उभा होता. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळं गाव त्याची सवय जाणतं. त्याचा हात वरच्या बटणावर आला, बटण काजातून अर्धं सुटलं, आणि मग त्याने ते परत लावलं.

"गारठा आहे आज, मेबल," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली, आणि थोडी बाजूला सरकून उभी राहिली.

तुम्ही कधी थंडीत कुडकुडत असाल आणि शेजारी एखादा उंच म्हातारा कोट घट्ट लावून स्वस्थ उभा दिसला, तर त्याला माणूसघाणा म्हणू नका. मी त्याच्या अंगावर असतो. त्याचा हात बटणापर्यंत येतो, आणि परत जाताना किती कापतो, ते मला कळतं.