ओदारलेच्या चुलीचे तीन दगड

समुद्र ओदारलेच्या घरात शिरला तो चोरासारखा नव्हे, पाहुण्यासारखा शिरला. पहिल्या भरतीला मिठाचा डबा नेला. पुढच्या भरतीला स्टूल नेलं, आणि जाताना दारात थबकून आणखी काय काय आहे ते बघून ठेवलं म्हणतात. मग एके दिवशी मागची भिंतच घेऊन गेला. तेव्हा किनाऱ्यावरच्या जेम्सटाउन वस्तीतल्या त्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "ओदारले, आता तो जेवायलाच थांबेल बघ. निघ तू."

ओदारले निघाली. डोक्यावर पत्र्याचं घमेलं, घमेल्यात चुलीचे तीन दगड, आणि हातात माणसाएवढा लांब लाकडी डाव. आंबवलेलं मक्याचं पीठ मोठ्या भांड्यात घाटायचं, कणसाच्या सालीत गुंडाळून उकडायचं, आणि ते केंके विकायचं, यात तिचा जन्म गेला होता.

"चूल मी आता एकदाच मांडणार," तिनं सगळ्यांना बजावलं. "जिथे मांडीन तिथून मला हलवायला चार खांदेकरीच लागतील."

जागा दोन होत्या. ओसूत धाकटी बहीण आमेरले. लाबादीत मुलगी लामीओर्को, तिच्या वडिलांकडच्या बायकांच्या अंगणात. दोन्ही वस्त्या शेजारी शेजारी, मधे एक नाला, नाल्यावर एक फळी. पण बोलणं ऐकाल तर वाटेल, मधे सात समुद्र आहेत.

आमेरले म्हणाली, "ताई, लाबादीत जाऊ नकोस. तिथले डास आधी तुझं नाव विचारतात आणि मग घरच्यांना बोलावून आणतात."

लामीओर्को म्हणाली, "आई, ओसूतल्या बायका कोंबडीला हाक मारायच्या आधी आरशात बघतात. तुझा निभाव लागायचा नाही."

ओदारलेला मात्र एकच गोष्ट बघायची होती. तिथे गाता येईल का? कारण गाण्यावाचून तिचं पीठ घाटलंच जायचं नाही. तिनं ओळ उचलायची, बाकीच्या बायकांनी झेलायची, आणि त्या ठेक्यावर डाव फिरायचा. तिचा आवाज असा, की जेम्सटाउनच्या किनाऱ्यावरचे खेकडे तो ऐकून तिरके चालायचं विसरत आणि नाकासमोर चालत येऊन थेट भांड्यात पडत.

आधी ती ओसूला गेली. आमेरलेचं अंगण फरशीचं, नळ दारात, सावलीला आंब्याचं झाड. दगडांचं घमेलं तिनं भिंतीशी ठेवलं. आमेरलेच्या भांड्यात डाव घातला, भांड्याच्या काठावर दोन टोले दिले आणि गळा मोकळा केला.

अंगणातल्या सगळ्या बायकांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, मनाई आहे," आमेरले कुजबुजली. "मका जमिनीत पडलाय. तो रुजेपर्यंत ढोल नाही, टाळी नाही, गाणं नाही."

"ती तर मी पाळून आले."

"ती जेम्सटाउनची. ही ओसूची."

आता हे ओदारलेला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रत्येक वस्तीचे देव वेगवेगळ्या दिवसांत शांतता मागतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण घर बदललं की मनाईही बदलते, हा हिशेब तिच्या डोक्यात आलाच नव्हता. तिनं आपल्या वाटणीचं गप्प बसणं दात-ओठ खाऊन उरकलं होतं आणि आता वर्षभर मोकळी, अशा ऐटीत ती आली होती.

"मग तुम्ही घाटता कशावर?"

"कुरकुरीवर," एक बाई हळूच म्हणाली. "आमेरले कुरकुर करते, आम्ही त्यावर हात चालवतो. कुरकुरीला मनाई नाही."

ओदारलेनं प्रयत्न केला. पिठात नारळाएवढ्या गाठी झाल्या. मग तिच्या नकळत डाव काठावर वाजला. एकदा, पुन्हा एकदा. तोवर मनाईच्या राखणीचे दोघे गडी दारात उभे.

"मावशी, ढोल कुठाय?"

"ढोल नाही बाबांनो, भांडं आहे."

"आणि ही टिपरी?"

"ती टिपरी नाही, डाव आहे."

त्यांनी डावाला खालीवर न्याहाळलं. ढोल, कर्णे, भोंगे, जे जे वाजतं ते मनाई उठेपर्यंत जप्त करायचं, असा रिवाज. डाव वाजला होता. ते अदबीनं म्हणाले, "मनाई उठली की घेऊन जा हं, मावशी," आणि दोघं मिळून तो खांद्यावर घेऊन निघून गेले, वरातीतल्या नवरदेवासारखा.

ओदारलेनं घमेलं उचललं. "आमे, तुझं अंगण सोन्यासारखं आहे. पण मला इथे श्वास घेतानाही विचारावं लागेल."

फळी ओलांडली आणि लाबादीत नुसता कल्लोळ. भोंगे, पोरं, मासळीचा लिलाव, कोणाच्या तरी बारशाचे ढोल. ओदारलेचा चेहरा उजळला. डाव नव्हता, म्हणून लामीओर्कोनं भिंतीला टेकलेलं जुनं वल्हं काढून दिलं. लामीओर्कोचा बाप समुद्रावर जायचा तेव्हाचं ते. ओदारलेनं ते हातात तोलून पाहिलं आणि पदरानं पुसून घेतलं, म्हणजे तिला आवडलं.

"आज फक्त घाटून बघते. दगड उद्या मांडू."

त्या दिवशी ती अशी गायली, की वरून चाललेलं विमान उतरायचं विसरून एक चक्कर जास्तीची मारून गेलं म्हणतात. केंके लोण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी लाबादीची मनाई लागली.

भोंगे गप्प. ढोल गप्प. लिलाव बोटांच्या खुणांनी. ओदारले अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एका वर्षात तिसऱ्यांदा. लामीओर्को तोंडाला पदर लावून हसत होती.

"हसतेस काय? सांगायचं नाहीस आधी?"

"आई, मला वाटलं तुला माहीत असेल. सगळ्यांनाच माहीत असतं."

काही दिवसांनी फळीवरून आमेरले आली. "आमची उठली बघ, ताई. आता वर्षभर हवं तेवढं गा. डावही सोडवून घेऊ. उचल दगड."

दगड अजून घमेल्यातच होते. उचलले की झालं. ओदारलेनं घमेल्याला हात लावला आणि काढून घेतला. ओसूत गाणं होतं, सावली होती, नळ होता.

"समुद्रापुढे पळाले ना मी, आमे? तेवढं पुरे झालं. आता गप्पपणाच्या धाकानं पळणार नाही. इथेही घाटून बघणार. मग काय ते ठरवीन."

"गाठी होतील."

"होऊ देत."

आमेरले कुरकुरत परत गेली. ओदारलेनं बायकांना भांड्याभोवती गोळा केलं. "मनाई आवाजाला आहे, तोंडाला नाही. मी ओळ उचलते. तुम्ही झेला. पण घशातून काही बाहेर पडलं तर वल्हं डोक्यात घालीन."

तिनं तोंड उघडलं. मान मागे टाकली, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले. आवाज काडीचाही नाही. बायकांची तोंडं एकदम उघडली, एकदम मिटली. खांदे हलले, कमरा हलल्या, वल्हं फिरू लागलं. पीठ कसं गोल गोल फिरत चकाकायला लागलं.

बातमी पसरायला आवाज लागत नाही. कुंपणावर माणसं जमली. मग नी ओब्लिते आले; थोरांना तिथे मानानं 'नी' म्हणतात. लाबादीच्या मनाईचे राखणदार, म्हातारे. त्यांच्या कानांची अशी ख्याती, की मुंगीला उचकी लागली तरी तिला पाणी पाठवायचे.

ते भांड्याजवळ येऊन उभे राहिले. डावा कान पुढे केला. मग उजवा. मग वाकून भांड्यालाच कान लावला आणि चटका बसून मागे आले. काही नाही. नियम कुठेच मोडला नव्हता. तरी ते जाईनात. काठीवर हनुवटी टेकून बायकांच्या तोंडांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा एक खांदा हलू लागला. मग ओठ.

ओदारलेनं एक डोळा उघडला. वल्हं थांबवलं.

"नी, तुम्ही दुसऱ्या कडव्यात शिरलात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आम्ही अजून पहिल्यातच आहोत."

नी ओब्लिते गडबडले नाहीत. "मी बरोबर आहे. तूच रेंगाळलीस, बाई. वल्हं मारताना हे गाणं इतकं सावकाश म्हटलं तर होडी उलटी जाईल."

"पण हे पीठ आहे, होडी नाही."

"मग वल्हं कशाला घेतलंस?"

सगळं अंगण पोट धरून हसलं, आवाज न करता. कोणाकोणाच्या बरगड्या दुखायला लागल्या. ओदारलेनं कपाळाचा घाम पुसला, भिंतीपाशी गेली, घमेल्यातून पहिला दगड काढून अंगणाच्या मधोमध ठेवला. मग दुसरा. तिसरा ठेवायला नी ओब्लिते स्वतः वाकले आणि तो सरळ बसेना म्हणून त्याच्याखाली एक शिंपला सरकवला.

"इथेच ना, आई?" लामीओर्कोनं विचारलं.

"इथेच. जे न ऐकता चूक काढतात, ते ऐकल्यावर काय करतील ते मला बघायचंय."

मनाई उठली त्या सकाळी ढोल वाजले आणि ओदारलेनं इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं गाणं एकदम सोडलं. ओसूतल्या घरांचे पत्रे थरथरले, आमेरलेच्या झाडाचे कच्चे आंबे जागच्या जागी पिकले आणि टपाटप खाली पडले. तेव्हा आमेरले एका हातात सोडवलेला डाव आणि दुसऱ्या हातात रिकामं ताट घेऊन फळीवरून तरातरा आली.

"तुझा आवाज आमच्या घरात येऊन बसलाय, ताई. निदान त्याच्यामागून केंके तरी पाठव."

ओदारलेनं तिच्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं. डाव तसाच तिच्या हातात राहू दिला.

"उभी काय राहिलीस? ये, घाट. आणि कुरकुर नको, ओळ झेल."