आयताची व्याख्या

निवृत्त झाल्यापासून मी मराठीतल्या एका मुक्त ज्ञानकोशावर गणिताच्या व्याख्या लिहितो. कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, अशी तिथली रीत. बत्तीस वर्षं मी पोरांचं खोडलं, आता लोक माझं खोडतात. राग येतो, पण उमापुरात बसून वेळ बरा जातो.

मागच्या आठवड्यात आयताची व्याख्या टाकली: 'चारही कोन काटकोन असलेला आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त असलेला चौकोन.' उज्ज्वला नावाच्या कुणा संपादिकेनं पुढचा अर्धा भाग उडवला. खाली टीप दिली, 'चार काटकोन पुरेत. चौरसही आयतच असतो.' मी परत लिहिलं, तिनं परत उडवलं. दोन दिवस आमची जुंपली. शेवटी तिचं तोंड बंद करायला म्हणून शाळेचं पाठ्यपुस्तक काढलं, तर तेही तिच्याच बाजूनं निघालं!

आणि मला पौर्णिमा आठवली. सातवीतली. शिष्यवृत्तीच्या वर्गासाठी मी चाचणी घेतली होती. 'आयत काढा' म्हटल्यावर तिनं चौरस काढला. मी तो कागद सगळ्या वर्गाला दाखवून हसलो आणि शून्य दिलं. दोन गुणांनी तिची निवड हुकली. अशा माणसाला लोक गुरुजी म्हणायचे!

व्याख्या तर मी लगेच दुरुस्त केली. पण पोरीचं काय? चौकशी केली, तर लिंबागणेशला अंगणवाडीसेविका आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीत बसलो.

"गुरुजी, तुमी? कावून आले एवढ्या लांब?" तिनं खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं.

"चारी कोन मोजलेते मी," ती हळूच म्हणाली. "चारीबी नव्वदच होते. पण तुमी हसले, मग वाटलं, मलाच मोजता येत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडले. "चुकलो, पोरी."

"असं न्हाई, गुरुजी. तवा वर्गापुढं हसलेते. आता वर्गापुढंच सांगा."

वर्ग म्हणजे उसळीची ताटं घेऊन बसलेली पंधरा-वीस चिमुरडी. त्यांना ना आयत ठाऊक, ना मी. तरी उभा राहिलो.

"बाळांनो, तुमच्या बाईंनी लहानपणी काढलेला आयत बरोबर होता. गुरुजींनाच येत नव्हतं."

पोरं खाता खाता माझ्याकडं बघत राहिली. पौर्णिमेनं पदर डोळ्यांना लावला.

"अजून एकदा म्हणा, गुरुजी."