तिघांतला मधला

माझी नणंद लोक साबण कसा विकत घेतात ते बघण्याचा पगार घेते. लग्न ठरलं तेव्हा मला हे सांगितलं, तर मला वाटलं सासरची मंडळी चेष्टा करताहेत. पण खरंच तसं आहे. मोठ्या दुकानात एखाद्या फळीजवळ ती आपणही गिऱ्हाईकच असल्याचा आव आणून उभी राहते आणि इतरांचे हात बघते. कुणी काय उचललं, काय परत ठेवलं, उचलण्याआधी शेजारी कोण आहे ते पाहिलं का. मग संस्थेत जाऊन त्यावर लिहिते. मी सरकारी रुग्णालयात नर्स. दिवसभर लोकांच्या हाताला शीर सापडत नाही म्हणून माझा जीव मेटाकुटीला येतो, आणि हिला नुसते हात बघायचे पैसे मिळतात, असं मी कितीदा तरी बोलून दाखवलं आहे. ती हसते. माझ्या तोंडाला लागायचं नाही, हे ती पहिल्या वर्षातच शिकली.

घरात तिला 'मधली' म्हणतात, कारण ती दोन भावांच्या मधली. माझा नवरा थोरला, तो बोटीवर असतो. धाकट्याने लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलं. मधलीने लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच राहते. माझ्या लेकीला आंघोळ घालते, माझी रात्रपाळी असली की सांभाळते. तिच्यावर माझा जीव आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याविषयी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

तिचा मोठा शोधही मधल्याचाच होता. एकच वस्तू तीन भावांत मांडली, की बहुतेक लोक मधल्या भावाची उचलतात. स्वस्त घेतली तर चिक्कू म्हणतील, महाग घेतली तर उधळे म्हणतील, मधलं घेणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. मी म्हटलं, हे कळायला संशोधन कशाला हवं, घरातला आरसा पुरे. तेव्हा ती मला इस्त्री घ्यायला घेऊन गेली आणि मी मधली उचलल्याबरोबर तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मला असा राग आला, की ती परत ठेवून मी सगळ्यात महाग इस्त्री घेतली. ती महिन्याभरात जळाली. अजूनही घरात कुणी पाहुणा आला की ही गोष्ट निघते.

आता आमच्या रुग्णालयाचं सांगते. तिथे नियम होता, सगळ्यात कमी भाव भरेल त्याचा माल घ्यायचा. त्यामुळे हातमोजे घालतानाच फाटायचे, चिकटपट्टी चिकटायची नाही, आणि वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा तर विचारूच नका. त्या डब्याच्या झाकणाला फट असते, तिच्यातून सुई आत सोडायची, डबा भरला की झाकण कायमचं बंद करून खाली जाळायला पाठवायचा. एवढं साधं काम. पण त्याचं बूड इतकं पातळ, की आतून सुईचं टोक बाहेर डोकवायचं. मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसे आम्ही ते डबे अंगापासून लांब धरून न्यायचो. बुडाला नखाएवढी चंद्रकोर उठलेली असायची. साच्यातच खोट असावी.

मग वरच्या खरेदी विभागाला जाग आली. माल वाईट येतो म्हणून वर्तमानपत्रात फार ओरड झाली होती. दुकानात लोक कसे वागतात ते कळलं, आता सरकारी कचेरीत लोक खरेदी करताना कसे वागतात ते सांगा, असं काम मधलीच्या संस्थेकडे आलं. ती कितीतरी महिने कचेऱ्यांत जाऊन बसली. अहवाल लिहिला. त्यातून नियम निघाला: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग दोन्ही बाजूला ठेवा, मधल्या भावाचा माल घ्या. खाली तिने आणखी एक अट घातली होती, की प्रत्येक खेपेला नमुना तपासून घ्या. विभागाने नियम उचलला आणि अट 'यथावकाश' म्हणून ठेवून दिली. तिनेही फार ताणून धरलं नाही. काहीच न होण्यापेक्षा एवढं झालं, म्हणाली.

आणि खरंच झालं. पहिल्या वर्षी आलेला डबा असा दणकट होता, की मी त्यावर बुक्की मारून बघितली. वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले, हे माझ्या नणंदेचं काम. घरी आम्ही तिला चिडवायचो, मधलीने मधला शोधला. आमच्या मेट्रनबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनीही एकदा तिची चौकशी केली.

यंदा नवे डबे आले. मी एक हातात घेतला आणि हातालाच कळलं. उलटा केला. बुडाला चंद्रकोर होती. चिठ्ठी नवी, कंपनीचं नाव नवं, चंद्रकोर तीच.

मेट्रनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "सिस्टर, साठा आलाय तो संपवावाच लागेल. बुडाला चिकटपट्टी लावून घ्या." मी म्हटलं, "ती चिकटेल तेव्हा ना!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निघाले. एक कोरा डबा पिशवीत घालून घरी आणला आणि मधलीच्या पुढ्यात, जेवणाच्या टेबलावर ठेवला.

तिने बुडावरून अंगठा फिरवला. अंगठ्याने दाबलं तसं बूड आत गेलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला.

"तीन नावं, कारखाना एकच," ती म्हणाली. "आधी हाच माणूस सगळ्यात कमी भाव भरत होता. आता तीन नावांनी तीन भाव भरतो. एक फुकटात दिल्यासारखा, एक वाट्टेल तेवढा, आणि मधे त्याला हवा तो."

"हे तुला कसं कळलं?"

"दुकानदारांना आम्हीच हे शिकवतो, वहिनी. शेजारी एक महागडं मांडून ठेवा, म्हणजे तुमचं मधलं खपतं."

"म्हणजे त्याने तुझा अहवाल वाचला."

"वाचला असेल. छापून सगळीकडे वाटलाय ना."

म्हणजे तोच डबा, तेच पातळ बूड, आणि वर पहिल्यापेक्षा जास्त भाव. मी तिला म्हटलं, उद्याच्या उद्या जा आणि त्यांच्या टेबलावर हा डबा आपट. ती गेली. जाताना डबा बरोबर घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा चप्पल न काढताच दाराशी बसली.

"खरेदीचे साहेब फार चांगले वागले," ती म्हणाली. "चहा दिला. म्हणाले, तुमचा नियम आल्यापासून आमच्यावर एकही चौकशी नाही. स्वस्त घेतलं तर माल भिकार म्हणून बोंब, महाग घेतलं तर पैसे खाल्ले म्हणून बोंब. आता कुणी विचारलं तर आम्ही मधला घेतलाय म्हणून मोकळे."

"आणि डबा?"

"डबा बघितला. पुढच्या खरेदीपासून तपासणी लावू म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

तिने मान खाली घातली. "बरं म्हणाले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे काढलास मधला मार्ग! पुढच्या खरेदीपर्यंत आम्ही सुया टोचायच्या थांबवू का? पेशंटना सांगू, जरा दम धरा, तपासणी यायचीय?"

"वहिनी, भांडले असते तर पूर्वीचा नियम परत आणला असता त्यांनी. आमच्या संस्थेतले सर म्हणाले तसं."

"डबा तर पूर्वीचाच आलाय ना!"

लेक रांगत आली आणि तिच्या चपलेचा पट्टा चोखायला लागली, तशी मधली तिला उचलून आत घेऊन गेली. आम्ही बरेच दिवस कामापुरतंच बोलत होतो.

त्यानंतर जे झालं ते वॉर्डातल्या अगदी साध्या सकाळी झालं. कुणीतरी भरलेला डबा ट्रॉलीच्या वरच्या फळीवर ठेवला होता. मला ट्रॉली हलवायची होती. खाटेवरच्या आजोबांना उलटी होत होती आणि मी घाईत होते. डबा खाली घेताना तो मांडीशी टेकला. मुंगी चावल्यासारखं झालं, बास. खाली पाहिलं तर गणवेशावर लाल ठिपका होता.

डबा सगळ्या वॉर्डाचा. त्यातली ती सुई कुणाची, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आमच्या वॉर्डात येतात त्यांत कावीळ असलेले येतात, त्याहून वाईट दुखणं घेऊन येणारेही येतात. नळाशी जाऊन मी जखम साबणाने धुतली, पुन्हा धुतली. दुसऱ्याच्या बाबतीत हे सगळं मी कितीदा केलं आहे, धीर दिला आहे, काही होत नाही म्हटलं आहे. स्वतःला म्हणवेना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी उगाच गोड बोलणं केलं नाही. आज रक्त घेऊ, नंतर पुन्हा घेऊ. प्रतिबंधाच्या गोळ्या महिनाभर रोज, आणि पहिली जितकी लवकर घ्याल तितकं बरं. मग लिहिता लिहिता विचारलं, "बाळ अंगावर पितंय?"

"हो."

"आजपासून बंद. रिपोर्ट नीट येईपर्यंत."

माझी लेक अजून वर्षाची नाही. बाटली तोंडाला लावली की मान फिरवते. तिला हे कुणी सांगायचं? नवरा समुद्रावर, त्याला कळवून नुसता घोर लागला असता. लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून मधली धावत आली, केसही न विंचरता. माझ्याजवळ आली, मला धरायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. मला धरायची तिची हिंमत होईना.

"चल," मी म्हटलं, "गोळ्या घ्यायच्यात."

भांडारात खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी बघून गोळ्यांची डबी काढून दिली. मी झाकण फिरवायला लागले, तर मधलीने ती माझ्या हातातून घेतली. उलटीसुलटी करून वाचली.

"ह्या कशा घेतल्यात?" तिने खिडकीतून विचारलं.

"कशा म्हणजे? नियमाप्रमाणे, बाई," भांडारातला माणूस म्हणाला. "तिघांतला मधला. आता सगळं तसंच येतं."

मधलीने डबी खिडकीत परत ठेवली. हात असा मागे घेतला, की जणू तिलाच टोचलं.

"अगं, चांगल्याही असतील," मी म्हटलं.

"असतील. पण तपासल्या नाहीत कुणी." ती माझं मनगट धरून चालायला लागली. "बाहेरून घेऊ."

रुग्णालयाच्या फाटकासमोरच औषधांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्या गणवेशाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. आत जाऊन तीन डब्या आणल्या.

"औषध एकच आहे. तीन कंपन्या, तीन भाव. कुठली देऊ?"

मी मधलीकडे पाहिलं. जन्मभर तिने हेच तर केलं होतं, आता एकदा माझ्यासाठी करायचं होतं.

"महाग म्हणजे चांगली असं नसतं," ती पुटपुटली. "ती कधीकधी नुसती शेजारी मांडायला असते. आणि स्वस्त..." तिने पहिली डबी उचलली, परत ठेवली. तिसरी उचलली, परत ठेवली. दुकानांत उभी राहून ती लोकांचे असे हात बघत आली होती. मागे आणखी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

"बाई, कुठली?" दुकानदार म्हणाला.

"मधली द्या," ती म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि तिला तो ऐकू आला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिची दया आली आणि तिच्या मुस्काटात मारावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच. पण भीती एवढी मोठी होती, की रागाला जागाच नव्हती. मी दुकानदाराकडे पाणी मागितलं, डबी उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या गोळी गिळली. कडू होती. कडू आहे म्हणजे खरी असेल, असं मनाला सांगितलं.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"बाळाची दूध पावडर," मी म्हटलं. "वर्षाच्या आतलं आहे."

तो वळला, फळीवरून तीन डबे काढले आणि आमच्यापुढे ओळीने मांडले. मधला जरासा पुढे सरकवला.

"बहुतेक जण हा नेतात," तो म्हणाला.

"मधले, सांग," मी म्हटलं.

ती डब्यांकडे बघत उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुकानदार वाट बघत होता. लेकीची प्यायची वेळ झाली होती, आणि माझा गणवेश छातीवर ओला व्हायला लागला होता.