माफीचा कागद

कुझुमीच्या निवृत्तीला चारच दिवस उरले होते आणि त्याची एकच इच्छा होती, ओरिएच्या हातून काही मोडू नये. जपानमधल्या इबाराकीच्या किनाऱ्यावरच्या त्या प्रयोगशाळेत जाड काचेपलीकडचे यांत्रिक हात चालवायला त्यानंच तिला शिकवलं होतं. त्या हातांवरची त्याची स्वतःची जागा एकोणीस वर्षांपूर्वी गेली होती. अणुभट्टीतून आलेली पोलादाची एक नळी त्याच्या चिमट्यात मोडली, त्यानं माफीचा कागद लिहून दिला, आणि तेव्हापासून तो हत्यारं पुसत होता.

आज त्याच पोलादाची दुसरी नळी अणुभट्टीत वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा सोसून आली होती. हे पोलाद फुगत नाही, ठिसूळ होत नाही, असं ते तयार करणारे हानाबुसा सेन्सेई, म्हणजे तिथले सगळ्यांचे गुरुजी, जन्मभर सांगत आले होते. नव्या अणुभट्टीसाठी तेच पोलाद वापरायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हातारे सेन्सेई स्वतः मागे उभे होते.

"खांदे सैल सोड गं," कुझुमी म्हणाला. "नळी आहे, सासू नाही."

"तुम्ही गप्प बसलात तर सोडते."

तिनं नळी अलगद उचलली. कट्! आतल्या माइकवरून तांदळाची कुरकुरीत सेनबेई मोडावी तसा आवाज आला. नळीचे दोन तुकडे झाले होते.

ओरिए उठून कमरेत वाकली. "माफ करा! माझा हात हलला. मी लिहून देते..."

"नाही हलला!" कुझुमी ओरडला. त्याचा चढलेला आवाज तिथं कुणी कधी ऐकला नव्हता. "मी तुझा हातच बघत होतो. खबरदार माफी मागशील तर! मग हे लोक तुकडे डब्यात टाकून घरी जातील. माझ्या वेळी तेच केलं."

सेन्सेई कुझुमीकडे वळले. "पण तुम्ही तर लिहिलं होतंत, हात थरथरला म्हणून."

"तुमच्यासमोर दुसरं काय लिहिणार होतो, सेन्सेई?"

जुना डबा अजून काचेपलीकडेच होता. ओरिएनं त्यातला तुकडा काढून आजच्या तुकड्याशेजारी कॅमेऱ्याखाली ठेवला. चांगलं पोलाद मोडण्याआधी ताणलं जातं. या दोन्ही कडा खडूसारख्या सपाट मोडल्या होत्या. मापलं तर दोन्ही नळ्या फुगलेल्या निघाल्या.

सेन्सेई काचेजवळ सरकले. "एकोणीस वर्षं हे इथंच पडून होतं? आणि मी एकदाही उघडून पाहिलं नाही?" मग ते वळले आणि त्या हत्यारं पुसणाऱ्या माणसापुढे खोल वाकले.

कुझुमीला आनंद व्हायला हवा होता. तो मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. लिहून दिलेलं ते खोटं हळूहळू त्याला स्वतःलाच पटलं होतं. नात झाली तेव्हा, हातातून पडेल या भीतीनं त्यानं तिला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. ती आता अकरा वर्षांची होती.